दियेपची चौदा झाडं

थोआने मोजायची टेप दियेपच्या सातव्या झाडाला लावली आणि आकडा वाचला. एकशे ब्याण्णव सेंटिमीटर. मग गच्चीवर दुसरं कोणी नाही ना हे पाहून तिने तीच टेप आपल्या सगळ्यांत उंच झाडाला लावली. एकशे एकतीस.

तिने टेप गुंडाळून खिशात टाकली. मोजायचं काही कारण नव्हतं. फरक जिन्याच्या दारातूनच दिसत होता.

अकरा हिवाळे या गच्चीवर टोमॅटो म्हटले की थोआचेच. हनोईतल्या या जुन्या पाच मजली वसाहतीत प्रत्येकाच्या वाट्याला गच्चीचा एकेक तुकडा होता. कोणी तिथे पालक लावी, कोणी पुदिना, कोणी नुसतेच कपडे वाळत घाली. थोआ मासळीबाजारातून थर्माकोलच्या रिकाम्या पेट्या आणायची, त्यांच्या तळाशी विटा मांडायची आणि मगच माती भरायची. पेटी हलकी असते. टोमॅटोचं झाड माणसाच्या कमरेएवढं वाढलं आणि त्याला फळं धरली की पेटी झाडाला सांभाळत नाही, झाडच पेटीला घेऊन आडवं होतं. म्हणून तळाला विटा, वर तीन बांबूंची तिकाटी, आणि तिकाटी पुन्हा कठड्याच्या गजाला बांधलेली. खोड काठीला बांधायचं ते मध्ये एक पीळ देऊन, म्हणजे दोन्ही एकमेकांना घासत नाहीत. आणि खोडाच्या बाजूने करंगळी जाईल एवढी जागा ठेवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने चुका करून, वहीत लिहून, स्वतः ठरवलं होतं.

दर रविवारी त्यातले पिकलेले टोमॅटो वाडग्यात घालून ती खाली मुईकडे न्यायची. मुईचं दुकान म्हणजे जिन्याखालची शेगडी, दोन मोठी पातेली आणि आठ बुटकी स्टुलं. खेकड्याच्या आंबट रश्शातल्या शेवया विकत तिला वीस वर्षं झाली होती. रोजचे टोमॅटो बाजारातले. रविवारी मात्र वसाहतीतल्या नेहमीच्या माणसांच्या वाडग्यात थोआच्या टोमॅटोच्या फोडी वरून पडायच्या आणि मुई प्रत्येकाला सांगायची, "गच्चीवरचे आहेत. आमच्या थोआचे."

थोआ आणि मुई एकाच सूतगिरणीतल्या. मुई तुटलेले धागे जोडायची, थोआ प्रयोगशाळेत त्याच धाग्यांना वजन लावून तोडायची. "मी जोडते, ही तोडते," असं मुई तेव्हाही सांगत फिरायची. गिरणी बंद पडली, दोघींचे नवरे गेले, थोआची मुलगी दक्षिणेत सासरी गेली. मुई राहिली.

आणि मग भाद्रपदाच्या सुमाराला दियेप आली.

ती दक्षिणेतल्या दालातची, तिथल्या काचघरांत तीस वर्षं टोमॅटो पिकवलेली. मुलाला इथे नोकरी लागली म्हणून त्याच्यामागे आलेली, तिसऱ्या मजल्यावर. चौपन्न वर्षांची, पण जिना दोन-दोन पायऱ्या चढायची. आठवड्याच्या आत तिने गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सांगाड्यापासून कपड्यांच्या खांबापर्यंत एक लोखंडी नळी आडवी टाकली आणि तिच्यावरून चौदा दोऱ्या खाली सोडल्या. दोरीचं खालचं टोक पेटीला नाही, तर पेट्यांच्या खालून घातलेल्या आडव्या बांबूला बांधलेलं. थोआने ते पाहिलं आणि लगेच ओळखलं, की ही बाई शहाणी आहे. झाडाने दोरी ओढली तरी पेटी उचलली जाणार नाही. काठ्या नाहीत, तिकाटी नाही. शेंडा वाढेल तसा दोरीभोवती फिरवायचा, बगलेतले फुटवे खुडायचे, बस्स.

"थोआताई, तुम्हाला दोरी देऊ का? माझ्याकडे अख्खं बंडल आहे," दियेप म्हणाली होती.

"नको. माझी पद्धत बरी आहे. तुम्ही तुमचं बघा."

दियेप सात वर्षांनी लहान, तरी थोआ तिला 'तुम्ही' म्हणायची. दियेपला तो मान वाटायचा.

खरं दुखणं गच्चीवर नव्हतं, खाली होतं. एका रविवारी थोआ वाडगा घेऊन उतरली तर दियेप आधीच मुईच्या शेजारी बसलेली. मुईचा हात तिच्या गुडघ्यावर, आणि दोघींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

"ये ये, थोआ! ही काय म्हणते ऐक. हिच्या गावात टोमॅटोला फाशी देतात!"

"फाशी नाही हो मुईताई, झोपाळा! वरून दोरी सोडायची आणि म्हणायचं, चढ बाळा."

"आणि आमच्या थोआची झाडं बघ. गुडघे गेलेल्या म्हातारीसारखी, एकेक तीन-तीन काठ्या घेऊन उभी!"

मुई अशीच बोलायची. चाळीस वर्षं बोलत आली होती. पण यापूर्वी ती थोआची थट्टा थोआपाशीच करायची. दुसऱ्या कोणासाठी तिने ती कधी केली नव्हती.

थोआ हसली. वाडगा शेगडीजवळ ठेवून वर गेली. पुढच्या बुधवारी खाली आली तेव्हा वाडगा तिथेच होता, आणि एका टोमॅटोवर नाण्याएवढा काळा डाग धरला होता. बाजूला दियेपच्या टोमॅटोंची टोपली अर्धी संपली होती.

"अगं, राहूनच गेले बघ," मुई म्हणाली. "हिने एवढे आणले ना."

"असू दे," थोआ म्हणाली.

वर्षाच्या शेवटच्या महिन्याची चाहूल लागली तशी थोआला एकच काळजी लागली. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणाच्या आधी, त्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला, मुई दुकान बंद करायची आणि दोघी मिळून बान-चुंग बांधायच्या. भिजवलेला चिकट तांदूळ, मुगाची डाळ, डुकराचं मांस, सगळं हिरव्या पानांत चौकोनी गुंडाळून, बांबूच्या सालीच्या ओल्या बंदांनी आवळून. मुई भरायची, थोआ समोर बसून बांधायची. वसाहतीतल्या अर्ध्या घरांचे बान-चुंग असे त्या दोघींच्या हातचे. अकरा वर्षं मुईच्या समोरचं ते स्टूल थोआचं होतं. यंदा मुई एकदा सहज बोलून गेली, "दियेपचे हात काय चालतात गं! तिला बसवू या सत्तावीसला."

तिला बसवू या. कुठे बसवू या, ते मुईने सांगितलं नाही.

त्या शेवटच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला दियेपने थोआचं दार वाजवलं. आईचं वर्षश्राद्ध होतं, बहिणीकडेही राहायचं होतं, तीन आठवडे ती दालातला चालली होती.

"थोआताई, एक काम आहे. नाही म्हणू नका."

"आधी सांगा तर."

"माझ्या झाडांकडे बघाल? दर तीन दिवसांनी शेंडे दोरीभोवती फिरवायचे, एवढंच. सुनेला सांगितलं तर ती शेंडाच मोडून ठेवील. आणि उत्तरेचा वारा सुटणार म्हणतात, तेव्हा एकेक बंद मारून टाका. सैलसर. मुईताई म्हणतात, थोआची गाठ सुटत नाही, कापावीच लागते."

"असं म्हणते का?"

"दिवसभर तुमचंच कौतुक असतं हो तिथे."

यावर थोआचा विश्वास बसला नाही.

वारा येणार होता, हे खरं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी थोआने बान-चुंगसाठी आणून ठेवलेल्या बंदांची जुडी काढली, त्यातले चौदा बंद बादलीत भिजत घातले, आणि ते मऊ झाल्यावर गच्चीवर गेली.

पहिल्या झाडाशी तिने तिसऱ्या घोसाच्या वर, खोडाभोवती आणि दोरीभोवती मिळून बंद घेतला. मध्ये पीळ दिला नाही. करंगळी घालून पाहिली नाही. गाठ ओढली, आणि ती बसल्यावर आणखी एकदा ओढली.

ओला बांबू वाळला की कडक होतो. तो ताणत नाही आणि सैलही होत नाही, ज्या मापाचा बांधला त्याच मापाचा राहतो. खोड मात्र वाढत राहतं. थोआला हे कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. काय किती ताणतं आणि कुठे तुटतं, हे मोजण्याचा तिने एकवीस वर्षं पगार घेतला होता.

दुसरं झाड, तिसरं. नवव्याशी तिचे हात थंडीने लाल झाले होते, पण ती थांबली नाही. चौदावी गाठ मारून ती सरळ उभी राहिली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, शेजारधर्म पाळणारी किती नीटनेटकी बाई.

ते तीन आठवडे फार चांगले गेले. मुईकडे दियेप नव्हती. थोआ सकाळी खाली जाऊन कोथिंबीर निवडायची, मुई गिरणीच्या गोष्टी काढायची, आणि रविवारी वाडग्यातले टोमॅटो दुपारपर्यंत संपायचे.

"कशी आहेत गं दियेपची झाडं?" मुईने एकदा विचारलं.

"आहेत."

झाडं कशी आहेत हे थोआ रोज पाहत होती. शेंडे ती सांगितल्याप्रमाणे फिरवायची. आठव्या दिवशी बंदाच्या वर खोड फुगलेलं दिसलं, बंदाखाली मात्र तेवढंच होतं. बाराव्या दिवसापासून वरची पानं दुपारी मान टाकायला लागली. कात्री तिच्या खिशात होती. एका झाडाला एक क्षण, चौदांना फार तर पाच मिनिटं. ती कात्री हातात घ्यायची, खाली मुईचं हसणं आठवायची, आणि म्हणायची, उद्या.

एकविसाव्या रात्री वारा पुन्हा जोरात आला. बाविसाव्या दिवशी सकाळी दियेप परतली.

थोआ मुईच्या दुकानात बसली होती. दियेप सरळ गच्चीवरूनच खाली आली, प्रवासाचा कोट अजून अंगात, आणि हातात हातभर लांबीचा तुटलेला शेंडा. त्याला हिरव्या टोमॅटोंचा घोस लटकत होता. जिथे तुटला होता तिथे बंद तसाच होता, खोडात रुतलेला.

"मुईताई, हे बघा काय झालं! तीन खाली पडलीत. पहिलं उचललं आणि तशीच आले." ती थोआकडे वळली. "ताई, तुमच्याकडे असंच बांधतात का? एवढं घट्ट?"

थोआच्या हातातली कोथिंबिरीची काडी तिथेच थांबली.

मुईने शेंडा घेतला. बंदावरच्या गाठीवरून अंगठा फिरवला. तुटलेले धागे जोडायची गिरणीची ती गाठ, छोटी, चपटी, दोन्ही टोकं एकाच बाजूला. ती मुईनेच चाळीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत थोआला शिकवली होती. या वसाहतीत ती दोघींखेरीज कोणाला येत नव्हती, आणि मुईचे गुडघे तिला पाच मजले चढू देत नव्हते.

दोन गिऱ्हाइकं वाडग्यातून मान वर करून बघत होती.

"माझीच चूक," मुई म्हणाली. "मीच हिला सांगितलं, वारा मोठा आहे, आवळून बांध. मला टोमॅटोतलं काय कळतं! हिने माझं ऐकलं."

"मुईताई, तुम्ही पण ना!" दियेप म्हणाली.

मुईने थोआकडे पाहिलं नाही. तिने शेंडा बाजूला ठेवला आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

थोआला लाज वाटली. पण त्या लाजेच्या आधी, अगदी क्षणभर आधी, तिला जे वाटलं ते तिने पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. तिला आनंद झाला होता. मुई तिच्यासाठी खोटं बोलली होती. दियेपसमोर, दियेपशी.

"चला ताई, उरलेले दोघी मिळून सोडवू," दियेप म्हणाली. थोआला उठावंच लागलं.

गच्चीवर दियेपने कात्री घेतली. पहिला बंद कापला, दुसरा कापला. तिसऱ्याशी थांबली. मग न कापताच पुढच्या झाडाकडे गेली, त्याच्या पुढच्या, शेवटपर्यंत, प्रत्येक गाठीला बोट लावत. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नेहमीचं काही नव्हतं.

"ताई, एखाद्याला चुकून घट्ट बसतो. चौदांना नाही."

थोआने कठड्याजवळच्या आपल्या झाडांकडे पाहिलं.

"तुमच्या स्वतःच्या झाडांना पीळ आहे. जागा आहे. मी येताना बघितलं." दियेपने कात्री थोआच्या हातात दिली. "बाकीचे तुम्हीच कापा."

ती उतरून गेली. या वेळी एकेक पायरी.

नऊ झाडं गेली. पाच जगली. दियेप त्यानंतर मुईच्या दुकानात आली नाही. गच्चीवर यायची ती थोआ नसेल तेव्हा. मुई थोआशी पूर्वीसारखीच बोलायची, म्हणजे हवापाणी, बाजार, गुडघे. त्या शेंड्याबद्दल एक अक्षर नाही. थोआ रोज ठरवून जायची की आज सांगू, आणि कोथिंबीर निवडून परत यायची.

सत्तावीसला दुपारी मुईने शेगडी विझवली, पानं धुऊन पाटावर रचली, तांदूळ निथळत ठेवला. तीन स्टुलं मांडली. थोआ आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली आणि बंदांची बादली जवळ ओढली. मुईने पहिलं पान हातात घेतलं, पण तांदूळ भरला नाही.

"दियेप कुठाय?"

"येणार नाही बहुतेक."

"का?"

"तिला कळलं."

"मला पण कळलं होतं. मी विचारलं का?"

"नाही."

"का नाही विचारलं? म्हटलं, सांगेल आपण होऊन. आज पाच दिवस झाले. तू आपली कोथिंबीर निवडतेयस. एवढी कोथिंबीर माझ्या गिऱ्हाइकांनी जन्मात खाल्ली नाही!"

"मग तू खोटं का बोललीस?"

"गिऱ्हाइकांसमोर तुझे कान उपटू? साठी उलटलेल्या बाईचे?" मुईचा आवाज चढला. "आणि मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी, हे बरं वाटलं ना तुला? बघितलं मी. माझी मान खाली होती, पण बघितलं. लाज वाटली मला, थोआ."

थोआने बादलीत हात घातला. पाणी गार होतं.

"ती आली तर तुझी जागा जाईल, असं कोणी सांगितलं तुला? माझं दुकान काय एका स्टुलाचं आहे?"

"तू तिच्याशी हसतेस."

"हसते! ती हसवते म्हणून हसते. तू कधी हसवलंस? चाळीस वर्षांत एक विनोद केला नाहीस. तरी तुला धरून आहे ना?" मुईने पान पुन्हा पाटावर ठेवलं. "जा, तिला घेऊन ये. ती आली नाही तर तूही येऊ नकोस. मी एकटी बांधीन. उकळताना सुटले तर खीर म्हणून खाऊ."

तिसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या. थोआने त्या चढताना तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली, आणि दियेपने दार उघडलं तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी मुद्दाम केलं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"माझं चुकलं."

"माझी झाडं उंच होती म्हणून?"

"ते पण होतं. पण तेवढ्यासाठी केलं नसतं," थोआ म्हणाली. "तू आल्यापासून मुई तुझ्यापाशीच असते. माझे टोमॅटो तिच्याकडे सडले."

दियेप तिच्याकडे बघतच राहिली. आत शेगडीवर काहीतरी शिजत होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं.

"ताई, सून सकाळी सातला जाते. मुलगा रात्री नऊला येतो. या शहरात माझ्याशी हसणारं माणूस एकच आहे, आणि ते जिन्याखाली बसतं. तुम्हाला सगळी इमारत ओळखते. मी कोणाला कळतही नाही, बोलले की म्हणतात, दक्षिणेकडची बोली."

हे थोआने कधी मोजलं नव्हतं.

"मला अजून राग आहे," दियेप म्हणाली. "नऊ झाडं गेली. मी त्यांना रोपापासून वाढवलं होतं."

"हो."

"तो एवढ्यात जायचा नाही."

"राहू दे. पण खाली चल. तू आली नाहीस तर ती मलाही बसू देणार नाही."

"म्हणून आलात?"

थोआने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "अर्धं म्हणून," ती म्हणाली.

दियेपच्या तोंडून हसू निसटलं. ते तिला नको होतं, असं दिसलं. तिने शेगडी बंद केली, हात पुसले. "तांदूळ भिजून किती वेळ झाला?"

"सकाळपासून."

"मग काय बघताय? फुटेल तो."

त्या खाली आल्या. मुईने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"आली का माझी दालातवाली!"

नाव आधी दियेपचंच घेतलं. थोआला ते लागलं, जिथे नेहमी लागायचं तिथेच, आणि तेवढंच. दियेप पुढे झाली आणि सगळ्यांत जवळचं स्टूल पाहून त्यावर बसली. मुईच्या समोरचं.

मुई थोआकडे बघत होती.

थोआ क्षणभर उभी राहिली. मग तिने बाजूचं स्टूल ओढलं, बसली, आणि दियेपच्या हातातल्या पानाकडे पाहून म्हणाली, "कोपरा सरळ धर. तांदूळ बाहेर येतोय."